शिट्टी मी वाजवली होती

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंद्याने सुतार. पत्नी हयात नाही, मूलबाळ नाही. डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. आधीचं मृत्युपत्र मी काल जाळलं. यापुढे हेच खरं मानावं.

१. रंधे, पटाश्या, हातकरवती आणि कामाचं टेबल सुतारकाम शिकवणाऱ्या शाळेला द्यावं. विजेची करवत कोणालाही देऊ नये. घणाने फोडून भंगारात घालावी.

२. धाकट्या भावाला काहीही नाही. मी परदेशातून एकटा परतलो त्या आठवड्यात तो दारात उभा राहून म्हणाला, "दादा, परक्यांच्या पोरांपायी वहिनीला मारलंस तू." मी हातोडा उचलला आणि त्याचं मनगट मोडलं. हाड मोडल्याचा आवाज ऐकून बरं वाटलं. तो खोटं बोलला नव्हता. तरीही माफी मागत नाही. त्याने दावा लावला तर हे कलम कोर्टात खुशाल वाचावं.

३. अकरा वर्षांपूर्वी एका सेवाभावी संस्थेतर्फे आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी परदेशी गेलो. पत्नी तिथल्या मुलांना शिकवायची, मी शाळेसाठी बाकं करायचो. तेवीस मुलं होती. लाकडाच्या सालप्यांच्या बांगड्या घालून मुलं माझ्यामागे फिरायची. हातकरवतीने कापताना फळी हलू नये म्हणून एक सहा वर्षांची मुलगी तिच्या टोकावर बसायची. तिला मी खार म्हणायचो. तिची भाषा मला तिनेच शिकवली. चुकलो की गुडघ्यावर चापट मारायची.

विजेची करवत सुरू करण्याआधी मी शिट्टी वाजवायचो. शिट्टी झाली की सगळ्यांनी अंगणात यायचं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांग लावायची. मी डोकी मोजल्याशिवाय करवत सुरू होत नसे.

एका सकाळी मागच्या फाटकातून बंदूकवाले आत शिरले. पत्नी वर्गातून ओरडली, "पोरांना आतच राहू द्या!" तोवर मी शिट्टी फुंकली होती. घाबरलो आणि सवयीने तेच केलं. मुलं हसत बाहेर आली, खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. त्या माणसांना नेम धरायचीही गरज पडली नाही. सात मुलं रांगेतल्या रांगेत पडली. पत्नी धावत आली, खारीला खाली दाबून तिच्यावर आडवी झाली. पाठीत चार गोळ्या. मी लाकडांच्या ढिगामागे होतो. एक ओरखडाही नाही.

संस्थेच्या अहवालात छापलं आहे की शिक्षिकेने शिट्टी वाजवून मुलांना सावध केलं. मी संस्थाप्रमुखांना म्हणालो, हे खोटं आहे. ते म्हणाले, "राहू द्या हो, त्यातच त्यांचा मान आहे." मी राहू दिलं. त्या माणसाला माझ्या अंत्ययात्रेत उभं करू नये.

४. राहतं घर खारीला द्यावं. ती आता सतरा वर्षांची आहे, डाव्या पायाने लंगडते, मला पत्रं लिहिते. किल्ली देण्याआधी कलम ३ तिच्या भाषेत तिला मोठ्याने वाचून दाखवावं. ऐकून तिने घर नाकारलं तर कारण विचारू नये. घर विकून पैसे त्या सात मुलांच्या घरांना द्यावेत.

५. सही करण्याआधी हे कलम वाढवावं लागलं. साक्षीदार दंतवैद्यबाई वाचून म्हणाल्या, "काका, मेल्यावर कसलं सांगताय? आत्ता फोन करा, नाहीतर मी सही करणार नाही."

त्यांच्यासमोर खारीला फोन केला. सगळं सांगितलं. खार शेवटी म्हणाली, "मी रांगेत पहिली होते, काका. शिट्टी तुमच्या तोंडात होती. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते."

मग तिने फोन ठेवला. घराबद्दल विचारायचं धाडस मला झालं नाही. म्हणून कलम ४ आहे तसंच ठेवलं आहे.

ठिकाण : माझी कामाची खोली
दिनांक : ९ ऑक्टोबर, सकाळी साडेअकरा

लिहून देणार : (सही) सुतार
साक्षीदार : (सही) समोर राहणाऱ्या दंतवैद्यबाई
(सही) कोपऱ्यावरचे औषध दुकानदार. यांनी फक्त सही ओळखली, मजकूर वाचलेला नाही.