मशीन आधी आलं की बाया आधी गेल्या

४ ऑगस्ट
प्रबंधाचं प्रकरण ३ परत आलं. पुन्हा एकदा. गाईड मॅडमचं म्हणणं, तक्ते फार झाले, बायांचं बोलणं कुठे आहे? उन्हाळ्यात म्हणाल्या होत्या, बोलणं फार झालं, तक्ते टाक. टाकले. आता काढायचे. 'हो मॅडम' म्हटलं आणि जळगावहून धुळ्याची गाडी पकडली. पारोळ्यापर्यंत बसायला जागा नाही. फाइल छातीशी धरून उभी.
नितीन दारातच. "झालं का मंजूर?"
मी कणीक मळायला घेतली. त्याने पुढे विचारलं नाही. नवरा म्हणून हा त्याचा सगळ्यात चांगला गुण.

११ ऑगस्ट
एफ.वाय.ला मागणीचा नियम. मागे बसलेल्या मुलांचं लक्ष नाही, माझंही नव्हतं. तासिकेवरच्या लोकांना बसायला खोली नाही, म्हणून ग्रंथालयात. तिथे प्र. ३ पहिल्यापासून.
नोंदणी डिसेंबरअखेर संपते. मुदतवाढ घेऊन झाली, आता पुढची नाही म्हणतात. पीएच.डी. नाही तर कायम होण्याचं विसरायचं. चाळिशी आली. या वयापर्यंत माणसाची निदान एक गोष्ट पूर्ण झालेली असावी.
विषय माझाच. जळगावच्या डाळमिलमध्ये हाताने डाळ निवडणाऱ्या बाया, आणि मग आलेलं कॅमेऱ्याचं मशीन. काळा दाणा दिसला की वाऱ्याच्या झोताने बाजूला उडवतं. बायांचं काम गेलं, मग त्या गेल्या कुठे? पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. "हे कर. दुसरं काही करू नकोस." आता त्या निवृत्त. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. बाकीचे सगळे पार झाले.

१९ ऑगस्ट
सकाळी मॅडमचा फोन. "वैशाली, मशीन आधी आलं की बाया आधी गेल्या?"
म्हटलं, मशीन आधी, मॅडम. प्र. ४ मध्ये आहे.
"बरं."
संध्याकाळी पुन्हा फोन. तोच प्रश्न, तसाच आवाज. मी तेच उत्तर दिलं. माझी परीक्षा बघतायत की काय.

२८ ऑगस्ट
आज तोच प्रश्न परत. मी जरा चिडूनच बोलले.  त्या म्हणाल्या, "सुलभा, तू अशी कधी बोलत नव्हतीस."
सुलभा त्यांची जुनी विद्यार्थिनी. माझ्या कितीतरी आधीची.
नितीन म्हणाला, वय झालं की नावं इकडची तिकडे होतात, माझी आई तर मला कुत्र्याच्या नावाने हाक मारते. हसलो दोघं. नंतर मला हसू येईना.

७ सप्टेंबर
आज कळलं. 
जळगावला मॅडमकडे गेले. प्र. ३ त्यांच्या पुढ्यात होतं. त्यांनी विचारलं, इथला डाळ निवडणाऱ्या इंदूअक्काचा परिच्छेद कुठे गेला? म्हटलं, तुम्हीच काढायला सांगितला होता. "मी? मी कशाला सांगेन? फार चांगला होता." आणि डोळ्यांत अशी भीती, की मीच म्हणाले, माझंच चुकलं असेल.
चहा झाला. कप विसळून ठेवले. त्या आत गेल्या, बाहेर येऊन म्हणाल्या, "चहा घेशील ना?" तो चहाही प्यायले.
मग त्यांच्या तरुणपणीचं फील्डवर्क. कापसाच्या जिनिंगमधल्या बायांची नावं, कुणाला किती मुलं, कोण कसं हसायचं, सगळं धडाधड. ऐकत राहावं असं. आणि निघताना दारात, "तुझं लग्न झालंय का गं?"
माझ्या लग्नाला आल्या होत्या. धुळ्यात. पहिल्या पंगतीत बसून भरीत मागून घेतलं होतं.
स्टँडवर बाकावर बसून रडले. दोन गाड्या सोडल्या. मॅडमसाठी रडले असं लिहायला आवडलं असतं. स्वतःसाठी रडले. एवढी वर्षं मी दर वेळी जे फाडलं आणि परत लिहिलं, ते नक्की कुणाच्या सांगण्यावरून?

१५ सप्टेंबर
विद्यापीठात गेले. नाव न घेता विचारलं, गाईड आजारी असले तर? खिडकीतले गृहस्थ चांगले होते. म्हणाले, नवा गाईड शोधा, त्यांची संमती, मग समिती, मग त्यांना विषय पटला तर. "डिसेंबरात यातलं काहीच बसत नाही, मॅडम. जुन्या गाईडकडून सही होत असेल तर करून घ्या."
होत असेल तर.

२१ सप्टेंबर
नानांनी गाठलं. मॅडमचे धाकटे भाऊ, वरच्या मजल्यावर राहतात. जिन्याखाली चपला घालत होते तेवढ्यात आले.
"वैशालीताई, तुम्ही अक्कांशी एवढं बोलता. तुम्हाला काही वेगळं वाटतं का?"
मी म्हटलं, नाही हो नाना. थोडं वय.
ते जिन्याकडे बघत राहिले. "बरं झालं विचारलं," म्हणाले.
डॉक्टर आले असते. मॅडमची मुलगी पुण्याहून आली असती. मग सही कोण करणार होतं? हे सगळं त्या क्षणात माझ्या डोक्यात आलं, शब्दन् शब्द. मी मुद्दाम खोटं बोलले.

३ ऑक्टो.
मॅडमना विचारायचं बंद केलंय. काही बोलल्या की लिहून घेते, घरी येऊन बाजूला ठेवते. प्र. ३ माझ्या मनाने पक्कं केलं. ४ आणि ५ पण. शेवट चांगला झालाय असं वाटतं. मशीन आलं, बाया बाहेर पडल्या, आज त्या नाक्यावर उभ्या राहून मिळेल ते काम करतात. सरळ रेष.
मशीन आधी की बाया आधी, हे आता दर फोनला असतं. अडकलेल्या तबकडीसारखं. मी "मशीन" म्हणते आणि विषय बदलते.

१७ ऑक्टो.
सही झाली.
आज मॅडमचा दिवस चांगला होता. इस्त्रीची साडी, केस नीट, मला नावाने हाक. मी प्रमाणपत्राचा कागद पुढे केला. चष्मा लावून पूर्ण वाचला. पेन उचललं, आणि थांबल्या.
"शिरसोलीच्या बाया भेटल्या का?"
कोणत्या शिरसोलीच्या?
"अगं, शिरसोलीहून, आसोद्याहून यायच्या की. डाळमिलमध्ये. तुझ्यात त्या नाहीत. ज्या सापडल्या त्यांनाच विचारलंस तू."
मी म्हटलं, बघते. त्यांनी सही केली. वळणदार, पूर्ण नाव, खाली तारीख. तारीखही बरोबर.
कागद पिशवीत घालताना त्या माझ्याकडे बघत होत्या. मी लगेच निघाले. चोरासारखी.

२४ ऑक्टो.
प्रती बांधून आल्या. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. नितीनने देवापुढे ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं. सासूबाई म्हणाल्या, आता निवांत. मी आत जाऊन पडून राहिले.
शिरसोली डोक्यातून जाईना. एवढे दिवस मॅडम बोलल्या ते सगळं मी आजाराच्या खात्यात टाकलं. गहू कोणता आणि खडा कोणता, हे मला कळत नाही, आणि प्रबंध निवडण्यावर लिहिलाय.

२ नोव्हेंबर
दिवाळीची सुटी. जळगावला नाक्यावर गेले, सकाळी. इंदूअक्का भेटली, जिच्या बोलण्यावर माझं निम्मं प्र. ३ उभं आहे. सिमेंटच्या कामावर जायची वाट बघत होती. विचारलं, शिरसोलीच्या बाया मिलमध्ये यायच्या का?
"यायच्या ना. लय होत्या. आमच्याहून जास्त."
मशीन आलं तेव्हा त्यांचं काय झालं?
"तेव्हा त्या होत्याच कुठे? त्या तं आधीच बंद झाल्या."
मला सांगितलं का नाहीस इतक्या दिवसांत?
"तुम्ही माझं विचारत होत्या, ताई."
तिला राग नव्हता, टोमणा नव्हता. टेम्पो आला, ती चढली. मी तिथेच.

९ नोव्हेंबर
शिरसोलीत चौकशी केली तर बहुतेक पांगलेल्या. कुणी सुरतेला, कुणी मुलीकडे. सरूबाई नावाची एक माहेरी परत गेली, शिंदखेड्याजवळ. आज तिच्याकडे जाऊन आले.
साठीची असेल. अंगणात कापसाची बोंडं सोलत होती. आधी तिला वाटलं मी कुठल्या योजनेची. नाही म्हटल्यावर मोकळी झाली.
मिल का सोडली?
"माले कोनी काढं नही. मीच येवानं बंद करं. टेम्पो बंद पडना ना. मंग कशी येसूत व बाई? पायी?"
मिलचा टेम्पो सकाळी गावातून बायांना न्यायचा, संध्याकाळी सोडायचा. एक दिवस आला नाही. मुकादम म्हणाला उद्या येईल. उद्याही नाही. काही दिवस बाया पदरच्या भाड्याने गेल्या, मग परवडेना.
आणि मशीन?
"मशीन ते मी देखंच नही."
टेम्पो का बंद झाला? तिला माहीत नाही. मोडला म्हणे. मालकाने विकला म्हणे. मशीन किती दिवसांनी आलं, तेही आठवत नाही, म्हणाली एक-दोन पावसाळे गेले असतील, नसतीलही. मिलवाले तर मला मुलाखतीत म्हणाले होते, बायाच मिळेनात म्हणून मशीन घ्यावं लागलं. ते वाक्य मी प्र. ४ मध्ये मालकाची सबब म्हणून खोडून काढलंय. ती सबब होती की खरं होतं? की बाया मिळू नयेत अशीच सोय केली होती? माहीत नाही. मला यातलं काहीच माहीत नाही, आणि सगळं छापून बांधून देवापुढे ठेवलंय.
निघताना तिने मूठभर शेंगा दिल्या. बसमध्ये ओटीत घेऊन बसले. एकही सोलली नाही.

१० नोव्हेंबर
नितीनला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, आणि म्हणाला, "सबमिट कर. नंतर दुसरं पुस्तक लिही, त्यात टेम्पो घाल."
म्हटलं, हे चुकीचं आहे.
"कुणाला कळणार आहे?"
मॅडमना कळलं होतं.
त्याने उठून दाराला कडी घातली. मग, "वैशू, मी पण थकलोय गं." आजवर हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

१४ नोव्हेंबर
काही होत नाही माझ्याकडून. तपासायच्या उत्तरपत्रिका तशाच. माझी मुलगी शाळेतून आली, काय बोलली ते ऐकू आलं नाही. सरूबाईसारख्या आणखी किती असतील. त्यांना शोधायचं तर वर्ष जाईल. वर्ष नाही. आणि समजा मिळालं, तर गाईड म्हणून कुणापुढे नेऊ?

१८ नोव्हेंबर
नानांना खरं सांगितलं. सप्टेंबरमध्ये तुम्ही विचारलंत, मी खोटं बोलले, मला सही हवी होती. सगळं.
त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला दिसत होतं हो. मला कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणालात."
मॅडमची मुलगी महिनाअखेर येतेय. पुण्याला नेणार. डॉक्टर तिथे दाखवतील. मी म्हटलं, माझ्यामुळे उशीर झाला. ते नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. "तुम्ही यायच्या त्या दिवशी अक्का सकाळपासून तयार होऊन बसायची. निघायच्या आधी भेटून जा तिला," एवढंच.

२२ नोव्हेंबर
मॅडमकडे. बॅगा अर्ध्या भरलेल्या, पुस्तकं अजून कपाटात. त्या खिडकीशी. मला ओळखलं की नाही कळलं नाही. हसल्या मात्र, घरी आलेल्याशी हसावं तसं.
मी सरूबाईचं सांगायला बसले. शिरसोली, टेम्पो, पायी कशी येऊ, मशीन पाहिलंच नाही. आधी त्या नुसत्या ऐकत होत्या. मग पुढे सरकल्या. माझा हात धरला. टेम्पो कुणाच्या नावावर होता? आसोद्याचाही त्याच महिन्यात बंद झाला का? बाकीच्या मिलचे टेम्पो? एकेक प्रश्न असा, की वही नव्हती म्हणून तळहातावर लिहीत गेले. सहा वर्षांपूर्वी खुर्चीतून उठल्या होत्या, त्याच मॅडम. मला वाटलं, पुसून काढावे मधले सगळे महिने.
"फार मोठं काम आहे हे," म्हणाल्या. "घाई करू नकोस. सादर कधी करायचंय?"
डिसेंबरअखेर.
"छे. इतक्यात कसं होईल?" कपाळाला आठ्या. जरा वेळ विचार केला. मग अगदी समजावून, जसं नव्या मुलीला सांगतात तसं, म्हणाल्या,
"तुझे गाईड कोण आहेत, बाळा? मी बोलू का त्यांच्याशी?"