पायरीवर थांबलेला व्हिडिओ

नमिताताई,

काल ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत केला आणि व्हिडिओ उलगडण्याचे काम, म्हणजे 'हार्डवेअर डिकोडिंग', कार्डाकडे सोपवले. बाबा वारले त्या सकाळचा, आर्वीच्या एसटीत चढतानाचा व्हिडिओ आता अडकत नाही. चित्र जिथे नेहमी थिजायचे, तिथून पुढे बाबा पायरीवरून मागे वळतात आणि म्हणतात, "तू बी येजो." चित्रण मीच केले होते. ते वळले नव्हते.

आज आईने तो पाहिला. मी आंघोळीत असताना तिची हाक आली, "अभी, तुझे बाबा बोलावून राह्यले मले." बाहेर आलो तर दार सताड उघडे. मी बसस्थानकावर तिला शोधायला निघालो आहे.

तू घरी पोचलीस की व्हिडिओ लावू नकोस. प्लेअरमधले 'हार्डवेअर डिकोडिंग' तेवढे बंद कर, म्हणजे चित्र पुन्हा पूर्वीच्याच जागी थिजेल. आई परतली, तर बाबा तिच्यासाठी पायरीवर पाठमोरेच थांबलेले असू देत.

अभिराम