पिशवीतला उजवा हात

११ फेब्रु. १९९६, रविवार

शहराबाहेर, चिनहटच्या पुढे, बंद पडलेल्या वीटभट्टीमागे मेजर साहेबांचा नेमबाजीचा वर्ग. निवृत्त माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज अजून परेडवरचा. "लाइसेंस सबके पास है, अक़ल किसी के पास नहीं," ही सुरुवात. मला आवडली. शाळेत शिकवताना मी याहून सौम्य कधी बोलले नाही.

बाकी सगळे पुरुष. सराफ, ठेकेदार, एक दातांचे डॉक्टर. प्रत्येकाला आपलं पिस्तूल दुसऱ्याला दाखवायची घाई. माझ्याकडे नवऱ्याचं, अनंतचं, बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, कानपूरचं. तो होता तोवर कपाटात पडून होतं. तो गेल्यावर लायसन्स माझ्या नावावर करून घेतलं, तेव्हा कचेरीतला बाबू म्हणाला, "माताजी, आप क्या करेंगी?" मी म्हटलं, लोणचं घालीन.

निशाणा म्हणून चिनहटच्या कुंभारांच्या तडकलेल्या सुरया मांडलेल्या. माझी पहिली गोळी. सुरई जागच्या जागी, मागे कुठेतरी वीट फुटली. मेजर म्हणाले, "मिसेस पेंडसे, ईंट ने आपका क्या बिगाड़ा था?"

अनंतचा चामडी होल्स्टर पुरुषी पट्ट्यासाठी शिवलेला. मी परकराच्या नाडीत अडकवून गेले होते. रिव्हॉल्व्हर ओढलं तर होल्स्टरसकट नाडी वर आली. दातांच्या डॉक्टरांनी सभ्यपणे आभाळाकडे पाहिलं. होल्स्टर बाद.

१४ फेब्रु., बुधवार

स. पुन्हा आला. स. म्हणजे सफारी सूट. नाव सांगितलं होतं, लक्षात ठेवायची इच्छा नाही. बिल्डरचा माणूस. डावीकडचं घर घेतलं, उजवीकडचं घेतलं, आता मधे मी. अलीगंजच्या या कोपऱ्यावर त्यांना दुकानांची इमारत उठवायची आहे.

नेहमीप्रमाणे आधी पाया पडला. "चरण स्पर्श, आंटी जी." मग खुर्चीच्या अगदी कडेवर बसून चहा. आवाज लोण्यासारखा. "आप अकेली रहती हैं। ज़माना ख़राब है। हम लोगों को तो रात-रात भर आपकी फ़िक्र रहती है।"

मी म्हटलं, रात्री झोपावं माणसानं, काळजी दिवसा करावी.

हसला. जाताना पुन्हा पाया पडला. या शहरात शिवी कुणी देत नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

१८ फेब्रु., रविवार

आज पर्सची परीक्षा. काळी पर्स, मुलानं, शिरीषनं दिलेली. चुंबकाचं बटण छान लागतं आणि गरजेला उघडत नाही. आत रिव्हॉल्व्हर, चष्मा, किल्ल्या, इलायचीची डबी, सगळे एकमेकांच्या गळ्यात. मेजरनी शिट्टी वाजवली आणि मी सराईतपणे डबी बाहेर काढली. "दुश्मन को इलायची खिलाएँगी?"

त्यांचा नियम असा: परक्या माणसाशी बोलताना हात आधीपासून आत. चेहऱ्यावर हसू, बोटं मुठीवर. आणि कुणालाही हाताच्या अंतरात येऊ द्यायचं नाही.

माझं काय होतं, बोलताना हात आपसूक मांडीवर येतात, एकावर एक. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बर्नाडेटनी लावलेलं वळण. चांगल्या घरच्या मुली पर्सशी चाळा करत नाहीत. पन्नास वर्षं होऊन गेली, बाई अजून माझ्या मनगटावर पट्टी घेऊन बसलेली.

२० फेब्रु., मंगळवार

सकाळी दूधवाल्यानं हाक मारली. "माताजी, फाटक कहाँ गया?"

फाटक भिंतीला टेकवून ठेवलेलं. मोडलेलं नाही, ओरखडासुद्धा नाही. बिजागऱ्यांतून उचललं, कडेला नीट उभं केलं. आणि बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. अनंत गेल्यापासून करकरत होत्या.

फाटक परत बसवून घेतलं. आता ते आवाज करत नाही.

शि.ला दिल्लीला फोन केला. मी मराठीत, तो हिंदीत, लहानपणापासून हेच. "आई, बेच दो ना। किस बात की ज़िद है?" म्हटलं, घर बांधताना तुझ्या वडिलांनी प्रयोगशाळेतून येऊन रोज संध्याकाळी या भिंतींना पाणी मारलं आहे. म्हणाला, "भिंतींना क्या पता?" मराठी एवढं एकच, तेही असं.

२५ फेब्रु., रविवार

पिशवी जमली. भाजीचीच, रेक्झिनची, बंदाची. आत बाजूला जाड कापडाचा उभा कप्पा स्वतः शिवला, दुहेरी टीप घालून. सिस्टर बर्नाडेटची टीप एवढ्यासाठी कामाला यावी. कप्प्यात दुसरं काहीही नाही. वर मेथीची जुडी, कडेनं हात सरळ मुठीवर.

पदर खोचून उभी राहिले. शिट्टी. सुरई फुटली. दुसरीही. सराफ म्हणाला, "वाह आंटी जी, अपनी मिसेज़ को भी भेजूँ क्या?" मेजर म्हणाले, "पहले आप ख़ुद तो सीख लीजिए।"

घरी येताना रिक्षात एकटीच हसत होते. कित्येक दिवसांनी.

५ मार्च, मंगळवार. होळी

दारं लावून बसायचं ठरवलं होतं. शेजारी कुणी उरलं नाही, रंग कोण खेळणार.

अकराच्या सुमारास अंगणात माणसं. फाटकाचा आवाज आलाच नाही. चार-पाच जण, तोंडं चंदेरी रंगानं माखलेली, कोण कोण ओळखू येईना. मी दारात, पिशवी खांद्याला, हात आत, बोटं मुठीवर. मेजरनी बघितलं असतं तर शाबासकी दिली असती.

एक जण पुढे आला. "होली मुबारक, आंटी जी।" आवाजावरून स. मी म्हटलं, तिथेच थांबा. तो थांबला नाही, वाकला. दोन्ही हात माझ्या पावलांवर.

आणि माझा उजवा हात पिशवीतून निघून त्याच्या डोक्यावर गेला.

मी म्हणाले, "ख़ुश रहो।" कुणीतरी वाकलं की हे होतं, श्वास घेतल्यासारखं. सासरी शिकले, मग जन्मभर मुलींच्या डोक्यांवर. तो वाकलेलाच राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ. पावलं पकडलेली, हलता येईना. बाकीचे चंदेरी चेहरे बघत होते. मग उठला, माझ्या गालाला गुलाल लावला, एक बोट, अगदी हळू. पिशवीकडे बघून म्हणाला, "भारी होगी। कंधा दुखता होगा।"

गुलाल निघाला. ते बोट निघत नाही.

१० मार्च, रविवार

मेजरना सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. डॉक्टरांना स. केलं. डॉक्टर आले, वाकले. माझा हात बाहेर. पुन्हा. हात बाहेर. डॉक्टर बिचारे गुडघे चोळत म्हणाले, "आंटी जी, आज तो इतने आशीर्वाद मिल गए कि अगला जन्म भी निकल जाएगा।"

मेजर मिशी ओढत उभे. शेवटी म्हणाले, "एक ही इलाज है। वो झुके, आप पीछे हटिए। एक क़दम।"

पाया पडणाऱ्यासमोरून मागे सरायचं. अनंतची आई असती तर तिनं हे ऐकून कानांवर हात ठेवले असते. प्रयत्न केला. पाऊल उचलत नाही. लाज वाटते, आणि ती लाज त्या हलकटाला पाठ आहे.

२१ मार्च, गुरु.

पोलीस ठाण्याची नोटीस. निवडणूक आली, लायसन्सची हत्यारं जमा करा. दर वेळी असते, अनंत मुकाट्यानं देऊन यायचा, निकालानंतर घेऊन यायचा.

रात्री शि.चा फोन. नोटिशीचं सांगितलं, परवा जमा करते म्हटलं. "अच्छा किया," म्हणाला. अजून केलं नव्हतं. आणि कधी नव्हे ते जेवलीस का विचारलं.

२३ मार्च, शनि.

जमा. ठाण्यातल्या मुन्शीनं रिव्हॉल्व्हर उलटसुलट बघितलं, पावती लिहिली. "माताजी, पूरे मोहल्ले से आप पहली हैं।" म्हटलं, बाकीच्यांचं काय? त्यानं पानाची पिंक टाकायला जागा शोधली. "बड़े लोग हैं। अपने टाइम से आएँगे।"

म्हणजे ज्यांच्यासाठी नियम केला ते येणार नाहीत, आणि मी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून रांगेत पहिली. रांग नव्हतीच.

२४ मार्च, रवि.

मेजर संतापले. धोका असलेल्या माणसाला अर्ज करून सूट मागता येते. डॉक्टरांनी मागितली, मिळाली. "मुझसे पूछ तो लेतीं!" मला सुचलंच नाही. नोटीस आली की पाळायची, सवलत मागणं म्हणजे लाचारी, असं आम्हाला शिकवलं. चूक शिकवलं.

मग हळू आवाजात: "किस-किस को मालूम है?"

मुलगा, म्हटलं. ठाणं. आता तुम्ही.

"बेटा तो ठीक है," म्हणाले.

२७ मार्च, बुध.

स. आला. मी व्हरांड्यात, पिशवी मांडीवर, हात आत. कप्पा रिकामा, पण त्याला काय माहीत, असं धरून चालले होते.

तो पायऱ्या चढून आला आणि वाकला नाही.

मी वाट बघत होते. पावलं मागे घ्यायची तयारी करून बसले होते. तो सरळ समोरच्या खुर्चीत बसला, या वेळी मागे रेलून. पाय लांब केले.

"आंटी जी, हाथ बाहर निकाल लीजिए। अब उसमें क्या रखा है।"

आवाज तोच, लोण्याचा. चहा मागितला नाही. उठताना घराकडे वर बघितलं, कापड घेण्यापूर्वी बघतात तसं. "शनिवार को आते हैं। भैया भी तो आ रहे हैं।"

शनिवारी शि. येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

२८ मार्च, गुरु.

मीच फोन केला. विचारलं, रिव्हॉल्व्हर जमा केल्याचं कुणाला बोललास? म्हणाला, "आई, वो लोग उतने बुरे नहीं हैं। मैंने तो इसलिए कहा कि कोई हादसा न हो जाए। आप किसी पर चला देतीं तो?"

म्हटलं, कधीपासून बोलतोस त्यांच्याशी? तर म्हणाला, "शनिवार को बैठ के बात करेंगे। बस एक साइन की बात है।" स्टेशनवर कुणी यायला हवं का विचारलं. "नहीं, गाड़ी आ रही है।"

कुणाची, ते विचारलं नाही.

मेजरना निरोप पाठवला आहे, शनिवारी सकाळी चहाला या म्हणून. येतील बहुतेक. घराचे कागद बघणाऱ्या वकिलांचा फोन लागत नाही.

शि. दारात आला की आधी वाकेल. लहानपणापासूनची सवय आहे, मीच लावली. मराठी बोलला नाही, दिल्लीला गेला, तरी ती सुटली नाही.

दुपारी कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. पिशवी खांद्याला, हात आत. एक पाऊल मागे. पुन्हा. चारदा अडखळले.

मग जमलं.