शनिवारची पिपाणी

सौ. सोजरबाईंस,

पहिल्या मोटारीने मंगरूळला डॉक्टरला कान दाखवायला जातो आहे. सांगून निघालो असतो तर तूही सोबत आली असतीस, आणि आज शनिवार. संध्याकाळी सहाला रेडिओवर जाझ लागेल. एक जुनी तबकडी, एक नवी, असं अर्धा तास. त्यासाठी बॅटरी आठवडाभर राखली, बातम्यासुद्धा ऐकल्या नाहीत. लढाई माझ्यावाचून अडली नाही.

"यापेक्षा वरातीचा बॅण्ड परवडला जी," हे तुझं म्हणणं मान्य. पण गेल्या शनिवारी चुलीपुढे तुझा पाय ठेका धरून होता आणि तव्यावर भाकर करपली. मी ती तशीच खाल्ली. जन्मभर साप्ताहिकातून लोकांची थट्टा केली, आता घरात शांतता हवी.

तेव्हाच तू विचारलंस, "ते बारीक पिपाणी काहून रडून राह्यली?" मी मान डोलावली. खरं म्हणजे मला पिपाणी ऐकूच आली नव्हती.

म्हणून आज तू नीट ऐक. जुन्यात काय वाजलं, नव्यात काय, ते परतल्यावर मला सांग, जरा मोठ्यानं. ढोल मला अजून ऐकू येतो, बाकीचं तुझ्याकडे.

– मारोतराव

ता. क. भाकर आधी उतरव.