काट्यावर आधी माणूस उभा करावा

मी, अंबाबाई पुंडलिकराव खवसे, वय एकाहत्तर, राहणार रामाकोना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दबाव टाकलेला नाही. टाकायची कोणाची छातीही नाही.

१. घर व संत्र्याची बाग मुलगा विनोद याला. बाग तो छान सांभाळतो. व्यवहारात मात्र वडिलांवर गेला. त्यांचा देवावर आणि दुकानदाराच्या काट्यावर सारखाच विश्वास होता. दोघांनीही कधी पावती दिली नाही.

२. गोठ्यातले सर्व भंगार, म्हणजे जुने पाइप, तुटका नांगर, जळालेली मोटर, शिवाय तांब्याचा बंब, सून पूनम हिला. विनोदने हात लावू नये. मागची मोटर त्याने सौंसरच्या हेमराज भंगारवाल्याला अख्खी विकली, लोखंडाच्या भावात. पूनम दारातून ओरडली होती, "अहो, आतमंधी तांबं हाये न!" हा म्हणाला, "तुले काय समजते?" आणि येताना पेढे घेऊन आला. पेढे मी खाल्ले, राग गेला नाही.

३. अट: तांबे, पितळ, लोखंड घरीच वेगळे करावे आणि काट्यावर आधी माणूस उभा करावा. सरकारी दवाखान्यात माझे वजन अठ्ठावन्न भरले, त्याच दुपारी हेमराजकडे बावन्न. तो म्हणाला, "काकू, तुमी वाळून राहिल्या." मी म्हटले, "मंग बाबू, सहा किलो भरेपर्यंत मी इथंच बसते." गिऱ्हाइके जमली, तसा काटा सुधारला.

४. माझ्यानंतर पूनमने उभे राहावे. वजन विचारले की ती लाजते. त्या लाजेत आपलाच माल फुकट जातो. तिचे माझे कधी धड पटले नाही, पण तिच्यावर माझा जीव आहे. हे कलम तिला मी गेल्यावरच वाचून दाखवावे.

५. बंबात माझ्या शेवटच्या अंघोळीचे पाणी तापवावे. मग विकायचा तर विकावा. आधी नागपूरला फोन करून तांब्याचा भाव विचारावा, रडणे नंतर.

६. ज्याला काही मिळत नाही असा साक्षीदार घ्या, असे वकील म्हणाले. म्हणून हेमराजला बोलावले. त्याने सगळे वाचले, तिसरे कलम दोनदा. म्हणाला, "काकू, काटा सुधरवून घेतो."

"घे," मी म्हटले. "सोमवारी पूनमले घेऊन येते. आता तीच उभी राहीन."

सही: अंबाबाई पुंडलिकराव खवसे
साक्षीदार: १. गुणवंता ढोके, शेजारी २. हेमराज, भंगार व्यापारी, सौंसर
रामाकोना, जि. पांढुर्णा, १४ नोव्हेंबर २०२४