लिव्हरवरची सोनोग्राफी आणि सरांची बोटं

सर,

काल तुमच्या विद्यार्थिनीने लिव्हरला बोटही न लावता लिव्हरचं ऑपरेशन केलं. तुम्हांला जाऊन बारा वर्षं झाली म्हणून बरं, नाहीतर थिएटरच्या दारातूनच मला हाकललं असतंत.

इंदूरच्या ‘जुनी इंदूर’ भागातल्या तुमच्या घरातला एक रविवार आठवतो. काकूंनी पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेत तुम्ही शेंगदाणे लपवता आणि आम्ही चार शिकाऊ डॉक्टर डोळे मिटून ती दाबत बसतो. लिव्हर असंच बोटांनी वाचायचं, असं तुमचं म्हणणं. मला पाचांतले चारच सापडतात. पाचवा जेवताना तुमच्याच पोळीत निघतो, तोही हलत्या दाढेखाली. "पेशंट गेला असता!" तुम्ही गाल धरून ओरडता. काकू म्हणतात, "पेशंटचं राहू द्या, आधी दाढ बघा." पुढे मी सोनोग्राफीचं नाव काढलं तेव्हा तुम्ही भडकलात. "मशीन बिगडली तो क्या करोगी? पोट उघडं टाकून घरी जाशील?"

कालचे पेशंट परदेशीपुऱ्यातले शिंपी, लिव्हरमध्ये कॅन्सरची एक गाठ. "मॅडमजी, काज जितना ही काटना," त्यांनी बजावलं होतं. तेवढीच छिद्रं पाडली. पण त्यांतून हात जात नाही, आणि दुर्बिणीला लिव्हर नुसतं वरून दिसतं. म्हणून सोनोग्राफीचा लांब दांडा आत घालायचा, त्याचं टोक लिव्हरवर टेकवून सावकाश फिरवायचं, की आतल्या शिरा आणि गाठी पडद्यावर दिसतात. मी टोक टेकवलं आणि सवयीने डोळे मिटले. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, पिक्चर समोर चालू आहे, नींद लग गई क्या?" सगळे हसले, मीही हसले.

डोळे उघडून फिरवत राहिले. ऑपरेशनआधीच्या स्कॅनमधली गाठ जागेवर होती. मग खूप खोल, मोठ्या शिरेला खेटून आणखी एक दिसली, हरभऱ्याएवढी. ती स्कॅनमध्ये नव्हतीच. हसणं थांबलं. ती राहिली असती तर शिंपीबुवा वर्षभरात परत आले असते, आणि तेव्हा आमच्या हातात फारसं काही उरलं नसतं. पडद्यावर शीर बघत, तिला जपत दोन्ही काढल्या. आज ते पोह्यांवर जास्तीची सेव मागत होते. मला तुमची फार आठवण आली.

संध्याकाळी काकूंकडे गेले, सगळं सांगितलं. चहा गाळता गाळता त्यांनी विचारलं, "ती दुसरी यांच्या हाताला लागली असती ना गं?"

सर, नसती लागली. तुमच्या नाही, माझ्या नाही, कुणाच्याच नाही. तुम्ही असताना हे तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती. आता पत्र टाकावं, तर तुमच्या नावाने आलेलं टपाल अजून काकूच फोडतात आणि चष्मा लावून दोनदा वाचतात. त्यामुळे हे माझ्या पर्समध्येच राहील.

काकूंना मी म्हटलं, "हो, लगेच."