अर्धं कोर्ट भाताचं

प्रिय एल्मो,

एवढंच लिहिलं आणि कानोर माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाला, "नुसतंच प्रिय? अगं, अख्ख्या देशाचा लाडका तो, 'परमप्रिय' तरी लिही!" माझा नवरा अजून आहे तसाच आहे. टीव्हीवर तू दिसलास की आजही हाक मारतो, "सेलिंग, ये गं, तुझा आला!" त्याला ट्रॅक्टरच्या दुरुस्तीला पिटाळलंय, आता निवांत लिहिते.

तुझ्या आईच्या थडग्याला परवा चुना दिला. पितरांचा दिवस आठवड्यावर आलाय, तू मेणबत्त्या घेऊन येशीलच, तेव्हा गवत माजलेलं दिसायला नको. गावात सध्या एकच विषय आहे, तुझं छप्पर. तुझ्या पैशांतून बास्केटबॉलच्या कोर्टावर खांब उभे राहिले, रस्त्याकडच्या अर्ध्या भागावर निळे पत्रे चढले. चर्चकडच्या अर्ध्यावर पितरांच्या दिवसानंतर चढणार आहेत, तोवर तिथे लोखंड आणि वाळूचे ढीग पडलेत. मुलं भर पावसात कोरडी खेळतात. खोटं कशाला बोलू, बघून जीव सुखावतो. माझे ताताय मात्र यंदा भात हमरस्त्याच्या कडेला वाळवतात. एक्याऐंशी वर्षांचा बाप बसगाड्यांच्या धुरात बसलेला असतो आणि मी दिवसातून दहा वेळा फाटकापर्यंत जाऊन बघून येते.

तुला आठवतं ना, कापणीच्या दिवसांत चर्चकडचं अर्धं कोर्ट आमचं असायचं. आमचं म्हणजे ज्याचं भात निघालं त्याचं, पण ताताय पहाटेच गोणपाटं अंथरून जागा धरायचे. गावात तेवढंच सिमेंट होतं. रस्त्याकडचं अर्धं तुम्हा पोरांचं. ताताय मधल्या रेषेवर बांबूची काठी घेऊन स्टुलावर बसायचे. भातावर चेंडू गेला तर काठीनं परत मिळायचा, चप्पल पडली तर काठी पायावर मिळायची. "भाताला भूक कळते, पोरांनो, तुमच्या गोलबिलाला कळत नाही!" असं ओरडायचे. बास्केटबॉलला ते जन्मभर गोलच म्हणत आले.

बाकीची पोरं भाताच्या बाजूला यायलाच घाबरायची. तू एकटा असा यायचास की आता तुडवणारच. वाऱ्यासारखा धावत येऊन अगदी काठावर गचकन थांबायचास, तिथल्या तिथे गर्रकन वळायचास आणि उडी मारून चेंडू टाकायचास. मागे लागलेला पोरगा मात्र वेगात सरळ भातात जायचा आणि काठी खायचा. तुझ्यापायी किती जणांनी मार खाल्ला असेल! मी त्याच भातात अनवाणी पायांनी रेघा ओढत फिरत असायचे, खालचं भात वर, वरचं खाली. तू थांबलास की तुझ्या चपलांचं टोक माझ्या पायांपासून हातभर असायचं. रोज, न चुकता. मी दुसऱ्या टोकाला भात खालीवर करत असले तर तू दुसऱ्या टोकाशी येऊन थांबायचास. ताताय कौतुकानं म्हणायचे, "हा एकच पोरगा भाताचा मान ठेवतो." मी खाली बघून पाय ओढत राहायचे. कान तापायचे माझे.

आणि ते डुक्कर! जत्रेच्या स्पर्धेत तुम्ही पहिले आलात, बक्षिसाचं डुक्कर मिळालं, तुम्ही त्याला मिरवत आणलं आणि तुझ्याच हातून दोर सुटला. ते जे उधळलं ते थेट आमच्या भातातून. तातायनी डुक्कर भाजू दिलं, पोटभर खाल्लंही, पण दुसऱ्या दिवशी अख्ख्या विजयी संघाला चपला काढायला लावून भाताला पाय द्यायला उभं केलं. तुझ्या रेघा अशा वाकड्या की म्हातारी कोतारी बघायला आली. मी म्हटलं, "कप्तानसाहेब, सरळ चालता येत नाही का?" तू म्हणालास, "सरळ चाललो तर लवकर संपेल ना." ते वाक्य मी पुढे बरीच वर्षं जपून ठेवलं. कानोरला ठाऊक आहे, मीच सांगितलं लग्नाआधी. त्यानं विचारलं, "मग लवकर संपलं का?" मी म्हटलं, संपलं.

तू मनिलाला गेलास. विद्यापीठाचा संघ, मग मोठ्या लीगची पिवळी जर्सी, नऊ नंबर. गावात टीव्ही होता तो बेबांगच्या दुकानात. सामन्याच्या दिवशी तिच्याकडची तळलेली केळी संध्याकाळ व्हायच्या आत संपायची. तू धावत येऊन गचकन थांबलास, समोरचा धिप्पाड अमेरिकन तसाच पुढे घसरत गेला, तेव्हा निवेदक तुझं आडनाव घेऊन बोंबलला, "गातदुला ब्रेक!" आणि अख्ख्या दुकानानं एका सुरात आरोळी दिली, "काठी खा!" मनिलात कुणाला कळलं असेल का ते? पुढे पेपरवाले लिहायचे की हे तंत्र तू कुठल्या परदेशी कोचकडून शिकलास. एकदा मुलाखतीत बाईनं तुला थेट विचारलं, तेव्हा तू हसून म्हणालास, "गावात एक म्हातारा होता, काठीवाला, तो माझा पहिला कोच." ताताय उठून उभे राहिले. डोळे पुसले आणि सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं कॉफी पाजली, जे त्यांनी माझ्या लग्नातही केलं नव्हतं. मी वाट बघत होते, तू अजून काही बोलतोस का. बाईनं पुढचा प्रश्न विचारला. बरंच झालं.

मग तो अंतिम सामना. तू थांबलास आणि गुडघा थांबला नाही. तो आवाज टीव्हीतून ऐकू येणं शक्य नाही, पण तातायना आला म्हणे. डॉक्टर पेपरात म्हणाले की वर्षानुवर्षं असं अचानक थांबून थांबून सांधा झिजला होता. त्या दिवशी ताताय जेवले नाहीत. "माझ्या भातानं पोराचा गुडघा खाल्ला," एवढंच म्हणाले. तेव्हापासून दरवर्षी नव्या तांदळाचं पोतं तुझ्या घरी येतं, ते कोण पाठवतं हे तू कधी विचारलं नाहीस. तुला वाटलं असेल, गाव पाठवतं.

आता छपराचं सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. पत्र्याखाली ऊन येत नाही, एल्मो. तू मनिलात राहून हे विसरलास, ह्यात तुझा काय दोष? आणि आपली माणसं तुला ठाऊक आहेत. ज्यानं एवढं दिलं त्याच्या देणगीत खोड काढायची म्हणजे आपल्याच तोंडाला काळं फासल्यासारखं. मी गावचा कारभार बघणाऱ्या कप्तानांकडे गेले, म्हटलं कोर्ट पुरं झाकलं तर भात कुठे वाळवायचं? ते इकडे तिकडे बघत म्हणाले, "सेलिंग, हळू बोल. एल्मोच्या कानावर गेलं तर काय म्हणेल, कृतघ्न गाव?" त्यांचं स्वतःचं ओलं भात पोत्यात कोंब धरतंय, पण हसून तुझ्या नावाची पाटी रंगवून घेतायत. सगळी हमरस्त्यावर भात पसरतात आणि तुझं कौतुक करतात, दोन्ही मनापासून.

मंगळवारी बस कडेला आली. ताताय आपल्या स्टुलावर बसले होते. कानोरनं त्यांना मागे ओढलं म्हणून मी हे पत्र लिहिते आहे, नाहीतर दुसरंच लिहावं लागलं असतं. काठी चाकाखाली गेली, तीच काठी. ताताय तिचे तुकडे गोळा करत होते. मी रडत म्हटलं, "आता तरी एल्मोला सांगूया." तर माझ्यावर खेकसले, "खबरदार! त्याचा गुडघा माझ्या भातापायी गेला. आता त्याच्या छपरापायी माझं भात गेलं. फिटलं." आणि दुसऱ्या दिवशी नवा बांबू तोडून परत रस्त्यावर जाऊन बसले. तू उरलेलं अर्धं उघडंच ठेवा म्हणालास तर गाव आनंदानं तसंच ठेवेल. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याकडे काही मागते. रस्त्याकडचं अर्धं छप्पर राहू दे, तुझं नाव त्यावर शोभतं. चर्चकडचं उघडं सोड. मधल्या रेषेपर्यंत ये आणि तिथे थांब, जसा माझ्यासाठी थांबायचास.

तुझीच,
भाताच्या बाजूची
सेलिंग